चला, मांजारे!

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, नातवंडांना जेवायला बोलवायची एक ठरलेली हाक होती. "चला रे पोरांनो, मांजारे!" मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आठ-दहा चुलत-आत्ते भावंडं गावच्या घरी असायचो, आणि ही हाक आली की अंगणात, माळ्यावर, गोठ्यात जिथं असू तिथून म्यांव म्यांव करत पळत यायचो, कारण आम्हाला सगळ्यांना पक्कं वाटायचं की म्हातारा आपल्याला मांजरं म्हणतोय. आबा काही बोलायचे नाहीत, हसायचे फक्त.

पुढं पुण्यात कॉलेजला असताना एका पिझ्झाच्या दुकानात भिंतीवर काहीबाही इटालियन शब्द रंगवलेले होते, त्यात एक वाचला आणि काउंटरवरच्या पोराला विचारलं हे काय रे, तर तो म्हणाला, खाणे, जेवणे. मी तसाच बाहेर येऊन पीसीओवरून गावी शेजारच्यांकडे फोन लावला, अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलवून घेतलं आणि सांगितलं की अण्णा, मांजारे म्हणजे इटलीत जेवण. अण्णा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "आयला, आम्हालाही मांजरच वाटायचं की रे." म्हणजे दोन पिढ्या म्यांव करत जेवल्या आमच्या घरात.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात गावच्या घराचं पत्रं बदलायचं काम काढलं तेव्हा माळ्यावरची त्यांची लोखंडी ट्रंक खाली आली आणि ती कुणी न्यायची यावरून वाद होण्याऐवजी सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण "तूच लिहितोस ना कायतरी नेटवर". तर हे त्या ट्रंकेचं भाडं समजा.

आबा सैन्यात गेले १९४० साली. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव, पाऊस लहरी, जमीन चार भावांत, आणि सातारा जिल्ह्यात तेव्हा घरटी एक माणूस पलटणीत ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती, तो एक धंदाच होता म्हणा ना. भरतीवाले आले, उंची घेतली, छाती मोजली, फुगवून परत मोजली, वय विचारलं. आबांनी अठरा सांगितलं. खरं वय किती होतं हे त्यांच्या आईलाही सांगता यायचं नाही, "मोठ्या आगीच्या दुसऱ्या वर्षी झाला" एवढंच, आणि ती मोठी आग कधी लागली ते कुणाला माहीत नाही. कागदावर जन्मसाल आलं १९२२. जिजी, म्हणजे आमची आज्जी, शेवटपर्यंत म्हणायची की ह्यांनी सरकारला दोन वर्षं जास्तीची विकली.

बेळगावला मराठा सेंटरला ट्रेनिंग. मग फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात ती. तिथून इराक, मग सप्टेंबर १९४३ मध्ये आठव्या हिंदी, म्हणजे भारतीय, डिव्हिजनबरोबर बोटीनं इटलीला, तारांतो बंदरात. हे सगळं मी आता असं भराभर लिहितोय पण आबांच्या तोंडून हे असं कधीच आलं नाही, त्यांना तारखा नसायच्या. त्यांचा इतिहास "थंडी पडायच्या आदी" आणि "द्राक्षं पिकली तवा" असा चालायचा, आणि गंमत म्हणजे नंतर मी वाचून बघितलं तर ते बरोबर बसायचं.

लोक म्हणतात की लढाईवरून आलेली माणसं बोलत नाहीत. आमचे आबा भरपूर बोलायचे. इतकं की आम्ही पळून जायचो. फक्त लढाईबद्दल सोडून सगळं. इटलीतला चिखल कसा होता (आपल्या काळ्या रानातल्यासारखा, पण थंड), तिथल्या म्हाताऱ्या कशा काळ्या कपड्यात असतात आणि चुलीवर मक्याचा घाटा ढवळत बसतात, तो घाटा फळीवर ओतून गार झाला की दोऱ्यानं कापतात, सुरीनं नाही, दोऱ्यानं. हे दोऱ्याचं त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. बर्फ पहिल्यांदा पडला तेव्हा सकाळी उठून बघतात तर "जात्याभवती पीठ सांडावं तसं समदं रान". खेचरं कशी माणसापेक्षा शहाणी असतात, डोंगरात जिथं गाडी जात नाही तिथं रात्रीचं खेचरावरनं रेशन न्यायचं, एकानं पुढच्या खेचराची शेपटी धरायची आणि आवाज करायचा नाही. सांग्रो नदीचं तर काय विचारता. नोव्हेंबरचा पाऊस, नदी फुगलेली, पलीकडं जर्मन, आणि आबांचं वाक्य काय तर, "आपल्या वसनेला पूर आल्यावर कसं, तसं. फक्त पलीकडच्या काठाला पाव्हणं बसल्यालं." पुढं पाव्हण्यांचं काय झालं ते नाही. तिथनं गोष्ट थेट ओल्या मोज्यांवर.

मोज्यांचं त्यांना फार. ओला मोजा दिसला की चिडायचे. पावसाळ्यात शाळेतून आलो की दप्तर नंतर, आधी पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यातसुद्धा, आणि ते स्वतः खाली बसून बघायचे. मला तेव्हा वाटायचं काय कटकट आहे. त्या पावसाळी खंदकांत पाय सडून माणसं कामातनं जायची हे मला चाळिशीत कळलं.

आणि पत्रं. पलटणीतून घरी पत्र लिहायचं तर ते सेन्सॉर वाचणार, जागेचं नाव लिहायचं नाही, म्हणून सगळी पत्रं "आम्ही एका ठिकाणी खुशाल आहोत" अशी. ती गावात मास्तर वाचून दाखवायचे, आबांच्या आईला अक्षरओळख नव्हती. ही सवय आबांची जी लागली ती लागलीच. म्हातारपणी अण्णांनी त्यांना मोबाईल घेऊन दिला, बटणांचा. फोन केला की पहिलं वाक्य, "आमी खुशाल." आणि विचारलं, आबा, कुठं आहात, तर, "हाय एका ठिकाणी." अण्णा डोक्याला हात लावायचे. साताऱ्यात एसटी स्टँडवर एकदा दोन तास शोधलंय त्यांना, फोन चालू, म्हातारा बोलतोय, पण जागा सांगायची नाही.

अजून एक. ही गोष्ट मी ज्यांना सांगतो त्यांना पटत नाही. माझ्या चुलतभावाची पोरं मुंबईत वाढलेली, ती मोबाईलवर मराठी-हिंदी सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. एकदा असा मेसेज आला, हिंदीत, आणि अण्णांना काही तो वाचता येईना, शिक्षक होते माझे वडील, पण त्या अक्षरांतली हिंदी त्यांच्या डोळ्यात बसेना. आबांनी फोन मागितला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत घडाघडा वाचला. आम्ही बघतच राहिलो. तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढं आणि शिक्षण गावातल्या शाळेत दुसरी. म्हणाले, "ही तर रोमन हाय. आमाला बेळगावात मास्तरनं हीच शिकवली." तर भानगड अशी की इंग्रजांच्या हिंदी फौजेत सगळ्या जातीधर्माच्या जवानांना एकच भाषा शिकवायची म्हणून उर्दू आणि ती इंग्रजी अक्षरांत, रोमन उर्दू. म्हणजे आमचा म्हातारा सत्तर-पंच्याहत्तर वर्षं आधीच व्हॉट्सॲपची भाषा शिकून बसला होता आणि घरात कुणाला पत्ता नाही.

लढाई संपली, १९४६ ला आबांना पलटणीतून सोडलं. सहाच वर्षं नोकरी झालेली. पेन्शनीला पंधरा लागतात. त्यामुळं हातात थोडे पैसे, एक ट्रंक, कांबळं आणि पदकं. १९४७ ला लग्न. पुढं एसटी सुरू झाली आणि त्यांना ड्रायव्हर म्हणून घेतलं, गाडी चालवायला बेळगावलाच शिकले होते, परत आल्यावर. एसटीतल्या वर्षांबद्दल मी फार लिहीत नाही, ती खरी तर त्यांची मोठी नोकरी, पण तिच्यात सांगण्यासारखं असं की कधी गाडी ठोकली नाही आणि कधी वेळ चुकवली नाही, आणि सहा पोरं (दोन लहानपणीच गेली), दोन धाकट्या बहिणींची लग्नं, एका भावाचं क्षयाचं औषधपाणी, हे सगळं त्या एका पगारात बसवलं. कसं बसवलं ते जिजीला विचारायला पाहिजे होतं.

जिजीनं आबांना घाबरलेलं एकदाच बघितलं. ११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. पहाटे सव्वाचारच्या पुढं. आबांची त्या दिवशी सुट्टी होती म्हणून घरी होते. आमचं तेव्हाचं घर मातीच्या भिंतींचं, वर माळवद. हादरा बसला, भांडी पडली, भिंतीतनं माती गळायला लागली, जिजीला वाटलं आभाळ कोसळलं, तिनं पोरांना हाका मारायच्या आत आबा अंथरुणातून उठून सरळ भिंतीच्या कडेला पालथे पडले, डोकं दोन्ही हातांत, तोंड उघडं. तोंड उघडं का, तर तोफेचा गोळा जवळ पडला की तोंड मिटलं तर कानाचे पडदे जातात असं त्यांना शिकवलेलं. किती वेळ, तर जिजी म्हणायची पाचसहा श्वास. मग एकदम उठले, आणि मग मात्र त्यांच्यातला हवालदार जागा झाला (होते नाईकच, पण गाव हवालदार म्हणायचं), एका हातात धाकटी आत्या, दुसऱ्या हातानं अण्णांच्या सदऱ्याची कॉलर, चौघंही पोरं अंगणात काढली, आत गेले, जिजीला काढलं, परत आत गेले, म्हशीचं दावं सोडलं. अण्णा तेव्हा सतरा वर्षांचे होते, त्यांना कॉलर धरून ओढलेलं अजून आठवतं, म्हणतात सदरा फाटला माझा, नवा होता.

बाहेर सगळं गाव थंडीत कुडकुडत बसलेलं आणि आबा मोजत होते. आपली मोजून झाली की शेजारच्यांची मोजली. मग गल्लीतली. उजाडेपर्यंत माणसं मोजत फिरत होते. घराची मागची भिंत पडली, माणूस कुणी गेलं नाही आमच्या गावात. पण तिकडं कोयनानगरला काय झालं हे रेडिओवर ऐकलं तेव्हा पुढं कितीतरी दिवस आबा घरात झोपले नाहीत, अंगणात झोपायचे, डिसेंबरच्या थंडीत, आणि पोरांनाही बाहेरच घ्यायचे.

जिजीला २००३ ला लकवा मारला. उजवी बाजू गेली. सुना होत्या, लेकी यायच्या, पण आबांनी सांगितलं की तिचं मी बघणार. ऐंशी वर्षांचा माणूस. सकाळी पाणी तापवायचं, तिला अंघोळ घालायची, लुगडं गुंडाळायचं (नेसवता यायचं नाही त्यांना, गुंडाळायचेच), आणि मग दारात उन्हाला बसवून वेणी घालायची. ती वेणी मी अगदी जवळून बघितलीय. केस पातळ झालेले, पांढरे, खोबरेल तेल जास्तच चोपडलेलं. आबा तीन पेड करायचे, प्रत्येक पेड दोन बोटांत धरून आधी ताणायचे, मग एकावर एक अशी घट्ट ओढत ओढत न्यायचे की जिजीच्या भुवया वर जायच्या. खाली टोकाला दोरीची गाठ, तीही साधी नाही, ओढली की सुटणारी. एक दिवस जिजी कळवळून म्हणाली, लकव्यानं जीभ जड झालेली तरी स्पष्ट म्हणाली, "आवं, मी काय खेचार हाय का?" आबा म्हणाले, "शिकलोय तितंच, काय करू." मग दोघंही हसत बसली. जिजीचं हसणं एकाच बाजूनं व्हायचं.

सहा वर्षं ही वेणी चालली. २००९ ला ती गेली तेव्हा शेवटची पण त्यांनीच घातली. त्या दिवशी मात्र सैल होती.

मानधनाचं सांगतो थोडक्यात, कारण आठवलं की अजून डोकं फिरतं. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या जवानांना पेन्शन नाही त्यांना राज्य सरकार मानधन देतं, ते आबांना मिळायचं, वेळेवर मिळायचं, तक्रार नाही. पण हयातीचा दाखला दरवर्षी. शेवटी शेवटी ते बोटांच्या ठशावर आलं आणि आबांच्या बोटांवर ठसेच राहिले नव्हते, स्टिअरिंग आणि खुरप्यानं पार गुळगुळीत झालेली. एका ऑफिसात (नाव घेत नाही) मशीनवर दहाही बोटं झाली, लाल लाइट. समोरचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "आजोबा जिवंत दाखवत नाहीत." आबा उभे राहिले, काठी बाजूला ठेवली, टाचा जुळवल्या आणि जोरात आपला पलटणीतला नंबर, नाव म्हणून दाखवलं. सगळं ऑफिस उठून उभं. दाखला मिळाला बरं का, पण त्या दिवशी नाही, चौथ्या खेपेला.

आता चित्रांची गोष्ट. ह्याच्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

आबांच्या गोष्टींमध्ये एक गोष्ट अशी होती की जी घरातले सगळे थाप म्हणायचे. इटलीत एका मोठ्या वाड्यात पलटण उतरली होती आणि त्या वाड्यात माणसं नव्हती, चित्रं होती. भिंतीला टेकवून, एकावर एक, दिवाणखान्यात, कोठारात, शेकड्यानं. आणि साहेबानं सांगितलं की ह्यांच्यावर पहारा. आबांनी तिथं रात्रीची ड्युटी केलेली. त्यातलं एक चित्र त्यांच्या डोळ्यासमोर असायचं. "भितीएवढं. संत्र्याची बाग. सा बाया, दोन बापय, आनि वर एक नागडं पोरगं डोळ्याला पट्टी बांधून बाण मारतंय." कुणी विचारलं की बाया काय करत होत्या, की तात्या (माझे चुलते) डोळा मारायचे आणि विषय भलतीकडं जायचा. गावात तर हे चित्र म्हणजे पारावरचा जोकच होता, हवालदारांनी लढाईत उघड्या बायकांवर पहारा केला म्हणून. आबाही मग हळूहळू सांगायचे बंद झाले. दुसरं एक चित्र सांगायचे, घोड्यांच्या लढाईचं, पण त्याच्यावर त्यांचा राग होता. "घोडं पडल्यावर असं पडत न्हाय. ज्यानं काडलंय त्यानं घोडं पडल्यालं बघितलंच न्हाय."

२०१४ च्या दिवाळीत मी असाच रात्री टॅबवर जंगी पलटणीबद्दल शोधत बसलो होतो. आणि सापडलं. फ्लॉरेन्सच्या अलीकडं माँतेगुफोनी नावाचा जुना वाडा आहे. बॉम्बपासून वाचवायला इटालियन लोकांनी फ्लॉरेन्सच्या उफिझी म्युझियममधली चित्रं काढून तिथं नेऊन ठेवली होती, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी हिंदी डिव्हिजन फ्लॉरेन्सकडं सरकत होती तेव्हा मराठा पलटण तिथं होती, आणि तिथं पहारा लावला होता. त्या चित्रांत बोत्तिचेल्लीचं प्रिमावेरा, म्हणजे वसंत ऋतूचं चित्र. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रांपैकी एक, पाचशेहून जास्त वर्षं जुनं. उच्चेल्लोचं सान रोमानोच्या लढाईचं चित्रही तिथंच. घोड्यांचं.

मी प्रिमावेरा मोठं करून बघितलं. मागं संत्र्याची झाडं. बाया मोजल्या. सहा. पुरुष, उजवीकडं तो निळसर वाऱ्याचा देव आणि डावीकडं एक हात वर केलेला. दोन. मधल्या बाईच्या डोक्यावर पंखवालं पोरगं, हातात धनुष्य, डोळ्यांवर पट्टी.

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. आबा जागे होते, म्हातारपणी झोप कुठं. टॅब घेऊन त्यांच्या कॉटवर बसलो, लाइट न लावता त्यांच्यासमोर धरला. बराच वेळ बघत होते. बोट लावलं तर चित्र सरकलं, तसं हात मागं घेतला. म्हणाले, "हेच. पन हे लई बारकं केलंय." मी म्हणालो, आबा, हे मोबाईलसारखं आहे, खरं चित्र मोठंच आहे, दोन मीटर उंच. ते म्हणाले, "मला सांगतोस व्हय." मग थोड्या वेळानं, "पोचलं का ते गावाला परत?" मला आधी कळेना काय विचारतात. मग कळलं. त्यांची ड्युटी संपून पलटण पुढं गेली होती, मागं काय झालं हे त्यांना सत्तर वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणालो, हो, फ्लॉरेन्सलाच आहे, म्युझियममध्ये, लोक तिकीट काढून बघतात. "फाटलं बिटलं न्हाय ना कुटं?" नाही म्हणालो. "बरं," म्हणाले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी फराळाला सगळे जमल्यावर मी टॅब फिरवला. तात्यांनी बघितलं, परत बघितलं, बाया मोजल्या. आणि उठून आबांच्या पाया पडले. दिवाळीच्या पाया पडणं होतं का दुसरं हे मी विचारलं नाही.

ह्याच्यानंतर घरात आबांचा भाव वाढला आणि जो तो त्यांना लढाईचं विचारायला लागला. पण तोवर उशीर झालेला, उजवा कान पूर्ण गेलेला, डावा निम्मा. कान गेला तो सेनियो नदीवर, ९ एप्रिल १९४५, त्या दिवशी आधी विमानं आणि मग तोफा असा भडिमार झाला की महिनाभर कानात रातकिडे होते म्हणायचे. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्यांच्याच पलटणीतल्या शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून उचलून काढलं, एकट्यानं मशीनगनच्या चौक्या मोडल्या, हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून बॉम्ब फेकले आणि मग बांधावर उघड्यावर चढून मराठ्यांची घोषणा देत मागच्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. माझ्या मुलीनं शाळेच्या प्रोजेक्टसाठी आबांना कानात ओरडून विचारलं, पणजोबा, तुम्ही ती शिवाजी महाराज की जय ऐकली का? मला वाटलं आता म्हातारा छाती फुगवणार. तर, "तोफांत काय आयकू येतंय, बाळ. आमी दुसऱ्या कंपनीत. खाली मान घालून पळत हुतो." तिनं ते तसंच लिहिलं प्रोजेक्टमध्ये. बाईंनी त्याच्याखाली लाल पेनानं रेघ मारली.

आबा गेले २०१८ च्या डिसेंबरात. कागदावर ९६. आजारी असे नव्हतेच, आठवडाभर जेवण कमी कमी होत गेलं. आत्या कानाशी जाऊन "मांजारे, आबा, मांजारे" म्हणायची तेव्हा तोंड थोडं उघडायचे, चमच्यानं पेज घ्यायचे. शेवटच्या दिवशी नाही उघडलं. सैनिक कल्याणवाले आले, पलटणीतले माजी सैनिक आले, पंचक्रोशीतले पेन्शनीत निघालेले सुभेदार, हवालदार, टोप्या घालून, थंडीत ओळीनं उभे. आबा इटलीत होते तेव्हा त्यांच्यापैकी कुणी जन्मलेलंही नव्हतं.

ट्रंकेत काय निघालं ते आता सांगून टाकतो. कांबळ्याचा तुकडा, कसर लागलेला. डिस्चार्जचं पुस्तक. एनॅमलचा मग, कान तुटलेला. एक लाकडी दाढीचा ब्रश. दोन पदकं आणि एका तिसऱ्याची नुसती फीत, लाल-पांढरी-हिरवी. ती इटली स्टारची, इटलीच्या लढाईतल्या जवानांना मिळालेल्या पदकाची. तारा त्याला नाही आणि तो का नाही हे घरात मला सोडून सगळे हसत हसत सांगतात, कारण तो मी घालवला.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आषाढातला बेंदूर. बैलांना धुतलेलं, शिंगं रंगवलेली, झुली, गोंडे, घुंगरमाळा, आणि मला वाटलं आपल्या सर्जाच्या गळ्यात काहीतरी भारी पाहिजे. ट्रंक उघडी होती. पितळेसारखा सहा टोकांचा तारा, ह्याच्याहून भारी काय असणार, फितीतून काढला आणि सुतळीनं बांधला घुंगरमाळेत. मिरवणुकीत सर्जा बुजला, फटाक्याला, आणि दावं तोडून ओढ्याकडनं आमच्या खालच्या रानात शिरला. रानात नुकती पेरणी झालेली. बैल सापडला, माळ सापडली, तारा नाही. मी रडून घर डोक्यावर घेतलं, अण्णांनी दोन लगावल्या. आबांनी काय केलं, तर बैलाचा गळा सगळा हात फिरवून बघितला. "टोकदार हाय त्यो," म्हणाले, "लागलं असंल त्याला."

दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन शोधलं, आबा आणि मी, सऱ्या सऱ्यांनी, दुपारपर्यंत. परत त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. पण त्या खालच्या रानात नांगर असो, कुळव असो, आता ट्रॅक्टर आला, आबा असेपर्यंत बांधावर काठी टेकून उभे असायचे आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात आलं की हात वर करायचे, सावकाश. आता तात्या करतात ते. यंदा रोटर मारायला शेजारच्या गावचा नवा पोरगा आला होता, तासावर पैसे असतात त्यांचे, घाईत असतात, तात्यांनी कोपऱ्यात त्याला थांबवलं आणि म्हणाले, हितनं जरा दमानं घे, आमच्या आबांची एक वस्तू पडलीय. पोरगा म्हणाला, कधी पडली? तात्या म्हणाले, झाली की चाळीस वर्षं. पोरानं एकदा तात्यांकडं बघितलं, गिअर खाली टाकला आणि गेला दमानं.